ओल्या दिवसाचा कूलर

माझ्यावर पहिल्यांदा आरोप झाला तो प्रभागाच्या सभेत, गतिरोधकाचा विषय संपल्यावर आणि मोकाट कुत्र्यांचा विषय निघायच्या आधी.

साल दोन हजार एक्केचाळीस, मार्चचा दुसरा रविवार. आमच्या शाळा क्रमांक नऊच्या हॉलमध्ये शे-दीडशे माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली. गतिरोधक कोणाच्या दारासमोर टाकायचा यावर तासभर भांडून सगळ्यांचे घसे बसले होते. तेवढ्यात आमची नगरसेविका संघमित्रा तायडे उठली आणि म्हणाली, "आता आरोग्याचा विषय. डॉक्टर मॅडम बोलतील."

डॉक्टर तबस्सुम म्हणजे प्रभागाच्या आरोग्य अधिकारी. वयानं लहान, पण बोलणं मोजूनमापून. त्यांनी कागद काढला आणि वाचलं, की मागच्या जूनमध्ये पाच दिवस जो उकाडा झाला, त्यात आपल्या प्रभागात एकोणीस माणसं गेली. त्यातली चौदा ज्या खोल्यांत गेली, तिथं कूलर चालू होता.

हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडं वळली. वळणारच. मी वासुदेव बुरघाटे, पंचेचाळीस वर्षं कूलर बांधतो. लोक मला मिस्त्रीच म्हणतात. वऱ्हाडात उन्हाळा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. आमच्याकडं पोरीच्या लग्नात आंदण म्हणून कूलर देतात. मार्च लागला की पत्रा कापणं, वाळा भरणं, पंप बसवणं, जेवायला सवड नसते मला.

"मॅडम," मी उभा राहिलो, "माह्या कूलरनं माणसं वाचले. मेले म्हणता, तर पुरावा दाखवा."

त्यांनी दाखवला. टेबलावर दोन थर्मामीटर ठेवले. एकाच्या टोकाला ओली वात गुंडाळली.

"हा कोरडा, हा ओला," त्या म्हणाल्या. "तुमच्या जुन्या उन्हाळ्यात कोरडा पंचेचाळीस दाखवायचा, पण ओला बावीस-तेवीस. हवा कोरडी असली की पाणी झटकन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. घामाचं काम तेच, कूलरचं काम तेच. दोघांपैकी कोणीही तापमान त्या ओल्या आकड्याच्या खाली नेऊ शकत नाही. आता समुद्र तापलाय. पावसाच्या दोन-तीन आठवडे आधी दमट वारं इथवर येतं आणि पाऊस न देता थांबून राहतं. मागच्या जूनमध्ये कोरडा एकेचाळीस होता आणि ओला बत्तीस. एवढ्या दमट हवेत म्हाताऱ्या, आजारी माणसाचा घाम नुसता वाहतो, उडत नाही. अंगातली उष्णता अंगातच राहते."

"मंग कूलरनं काय बिघडवलं?" हे विचारलं पुंडलिक गुल्हानेंनी. निवृत्त तलाठी. सभेत प्रत्येक विषयाला विरोध करणं हे ते आपलं कर्तव्य समजतात.

"खिडकी उघडी असती तर फारसं काही नाही. पण दुपारी आपण काय करतो?"

बाया आपसात हसल्या. काय करतो ते सगळ्यांना माहीत होतं. दार लावायचं, खिडकी लावायची, फटीत चिंध्या कोंबायच्या, नाहीतर थंडी बाहेर जाते.

"वरून स्लॅब तापलेला, भिंती तापलेल्या, आत माणसं. बंद खोलीत कूलर तीच हवा फिरवतो आणि तिच्यात पाणी सोडत राहतो. तासा-दोन तासांत खोलीतला ओला आकडा पस्तीसच्या पुढं जातो. वारा अंगाला लागतो, बरं वाटतं, म्हणून माणूस उठत नाही. झोपेतच जातो."

मी खाली बसलो. फट ठेवा, असं गिऱ्हाइकाला मी सांगायचो, पण सांगायचं म्हणून. माझ्या स्वतःच्या घरी दुपारी खिडकी बंदच असायची.

संघमित्रानं योजना मांडली. सगळ्या गच्च्यांना पांढरा रंग. शाळेच्या या हॉलचं थंडघर, सौर पॅनलवर चालणारा खरा एसी लावून. आणि ओला आकडा तिसाच्या वर जाईल असा अंदाज आला की तो 'ओला दिवस' जाहीर करायचा, सगळ्यांनी थंडघरात यायचं, आणि घराघरातले कूलर मीटरमधूनच बंद करायचे. दिवे चालू, पंखे चालू, फक्त कूलर बंद.

"मीटरले काय समजते कूलर कोणता अन् मिक्सर कोणता?" गुल्हाने म्हणाले.

पण नव्या मीटरला समजत होतं. प्रत्येक मोटर वीज घेते ती आपल्या ढंगानं. सुरू होताना एक झटका मारते, मग तिची एक लय लागते, पंपाची वेगळी, पंख्याची वेगळी. मीटरमधलं यंत्र ती लय ओळखतं आणि तेवढ्याच प्लगची वीज तोडतं. फक्त ते त्याला आधी शिकवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी संघमित्रा माझ्या दुकानात आली. माझ्यासमोर वाढलेली पोट्टी. पत्र्याच्या ढिगावर बसली.

"काका, तुम्ही यंत्राला शिकवा. आणि घरोघरी तुम्ही सांगा. माझं कोणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील."

"मीच माह्या धंद्याच्या मुळावर उठू?"

ती म्हणाली, "त्या चौदांत माझी माय होती. कूलर तुमच्या हातचा होता. मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही, काका."

तिची आई गेली तेव्हा मी खांदा द्यायला होतो. कोणत्या खोलीत गेली, ते मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मी हो म्हणालो.

एप्रिलभर मीटरच्या इंजिनिअरबरोबर फिरलो. दोनशेच्या वर मोटरी त्याला ओळखून दिल्या. मी दारातून कान देऊन सांगायचो, हा कूलर, ही घरघंटी, हा जुन्या तारेचा पंखा. तो चकित व्हायचा. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? अडुसष्ट घरं माझ्या वाट्याला आली होती. प्रत्येक घरी एकच बोलणं होतं: ओल्या दिवशी खिडकी उघडी, कूलर बंद, अन् हॉलमध्ये चला.

माझं घर एकोणसत्तरावं.

गोकर्णाला, माझ्या बायकोला, दोन वर्षांपूर्वी लकवा मारला होता. उजवी बाजू गेली. बोलणं साफ होतं, डोकं तर माझ्यापेक्षा साफ. पण अंथरुणावरून उठणं नाही. मी तिला हॉलबद्दल सांगितलं तेव्हा तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"मी नाही येत जी."

"काऊन? चौघं जण खाट उचलून नेतो ना. दोन मिनिटांचा रस्ता."

"तेच तर. गल्ली पाहीन. अन् तिथं शंभर लोकाइत माहा कपडा खराब झाला, तर कोण बदलवीन? तुमी? सगळ्याइच्या समोर?"

ही बाई चाळीस वर्षं या गल्लीत मान वर करून चालली. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायचं तरी पदर सावरून. मी डॉक्टर मॅडमना सांगून पडदा लावून घेतो म्हणालो. ती नाही म्हणाली. मी रागावलो, तर ती रडायला लागली.

"आयुष्यभर लोकाइले थंडं केलं तुमी. मले एक कूलर लावून देनं होत नाही तुमच्यानं?"

तिचं रडणं मला कधीच पाहवलं नाही. आणि आज लपवून काय करायचं, थोडी मस्तीही होती. यंत्राला मी शिकवलं होतं, त्याला काय ऐकू येतं आणि काय येत नाही, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी घरच्या कूलरची मोटर काढली आणि छताच्या नव्या पंख्यातली चुंबकाची मोटर बसवली. पंप बॅटरीवर घेतला. मीटरला वाटलं, खोलीत पंखा फिरतोय. मी स्वतःला समजावलं की खिडकी उघडी राहील. खिडकी उघडी असली तर धोका नाही, असं डॉक्टर मॅडमच म्हणाल्या होत्या ना.

त्या दिवशी गोकर्णा माझ्याकडं पाहून हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

पहिला ओला दिवस जूनच्या नऊ तारखेला आला. सकाळी आठला भोंगा झाला, फोनवर निरोप आला. आकाश पांढरं, झाडाचं पान हलेना, आणि सदरा अंगाला असा चिकटलेला की काढता येईना. मी गोकर्णाला धुऊन-पुसून निजवलं, खिडकी सताड उघडली, कूलर लावला. शेजारच्या बेबीबाई तिच्याजवळ बसायला आल्या. त्यांचं घर मागंच होतं, आणि त्यांना उकाड्याचं काही वाटत नाही असं त्या म्हणायच्या.

बेबीबाईंना मी कूलरबद्दल एक शब्द बोललो नाही. अडुसष्ट घरी जे घसा फोडून सांगितलं, ते माझ्या घरात सांगितलं नाही. सांगणार कसं? खिडकी का उघडी ठेवायची ते सांगायचं तर कूलर चालू का आहे तेही सांगावं लागलं असतं. त्यांना वाटलं, मिस्त्रीचं घर आहे, यांना परवानगी असेल.

दिवसभर मी लोकांना नेत होतो. गुल्हानेंची आई नव्वदीची, येत नव्हती, मला शिव्या देत होती. तिला मी आणि गुल्हाने दोघांनी खुर्चीवर बसवून नेलं. हॉलमध्ये गेल्यावर म्हातारीनं डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं बाई, किती बरं वाटते." मला अभिमान वाटला. मी तिथं चहा घेतला. चहा घेत बसलो होतो मी.

चार वाजता घरी आलो. खिडकी बंद होती. दार बंद होतं. बेबीबाई जमिनीवर आडव्या पडल्या होत्या, गुंगीत. हाक मारल्यावर उठल्या. गोकर्णा उठली नाही. कूलर चालू होता, आणि तिच्या कपाळावर घाम तसाच होता, थेंब थेंब, न वाळलेला.

बेबीबाई नंतर रडत म्हणाल्या, "बाहेरून झळ येते म्हणे, लावून घे म्हणे खिडकी. मी लावली. माहं चुकलं का मिस्त्री?"

"नाही," मी म्हणालो. "तुमचं नाही चुकलं."

मी पंप काढून माळ्यावर टाकला. का टाकला, ते तेव्हा मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

आमची एकुलती एक मुलगी कल्याणी नागपूरहून आली. आईची लाडकी. तिनं डॉक्टर मॅडमना विचारलं तेव्हा कळलं की त्या दिवशी प्रभागात एकच मृत्यू झाला, आणि तो आमच्या घरी. "कूलर चालू होता ना बाबा?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, होता. "मग मीटरनं बंद का नाही केला?"

मी म्हणालो, "काय माहीत बापा."

एवढंच बोललो. पण तेवढ्यावर तिनं सगळं उभं केलं. तेरा दिवस ती माझ्या पायाशी बसून तक्रार लिहीत होती. यंत्रानं ओळखायचं होतं, ओळखलं नाही, तिच्या आईचा जीव गेला, म्हणून योजना रद्द करा आणि नगरसेविकेनं राजीनामा द्यावा. मध्येच माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची. "बाबा, तुम्ही लोकांसाठी राबत होता आणि तुमच्याच घरी हे झालं." मला तिचा हात काढून घेववत नव्हता. आता माझी म्हणावी अशी ती एकच राहिली होती.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी संघमित्रा आली. कल्याणी आत होती. संघमित्रा हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमच्या मीटरची नोंद मी पाहिली. यंत्रात बिघाड नाही. त्या खोलीत दिवसभर पंखा चालला असं दिसतं."

मी जमिनीकडं पाहत राहिलो.

"माझ्या आईच्या वेळी मी तुम्हाला विचारलं नाही. आताही विचारत नाही. पण रविवारी सभा आहे, आणि लोक योजना बंद करतील. पुढच्या आठवड्यात पुन्हा ओले दिवस सांगितलेत." ती चहा न घेता गेली.

रविवारी हॉल गच्च भरला होता. कल्याणीनं तक्रार वाचली. चांगली वाचली, आवाज एकदाच कापला. गुल्हाने उठले आणि म्हणाले, जे यंत्र मिस्त्रीची बायको वाचवू शकत नाही, ते आपल्याले काय वाचवीन? लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, उद्याच जोडा कूलर परत. संघमित्रा खुर्चीवर ताठ बसली होती. ती एका वाक्यात मला उघडं पाडू शकली असती. ती बोलली नाही.

मी उभा राहिलो. लोकांना वाटलं मी रडणार, म्हणून ते गप्प झाले.

"यंत्र बिघडलं नाही," मी म्हणालो. "मी मोटर बदलवली होती. पंख्याची बसवली, अन् पंप बॅटरीवर. यंत्राले ओळखू येऊ नये म्हणून. गोकर्णा हॉलमध्ये यायले लाजत होती. तिनं कूलर मागितला, मी दिला. बेबीबाईले मी खिडकीचं सांगितलं नाही, काऊन की मले कूलर लपवायचा होता. त्या बाईचा काही दोष नाही. गोकर्णा माह्या हातानं गेली."

गुल्हाने उभेच होते, ते हळूच खाली बसले. बेबीबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या.

मी कल्याणीकडं पाहिलं. मला वाटलं होतं, ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं हातातला कागद दुमडला, पुन्हा दुमडला.

"आईनं मागितलं म्हणून दिलं, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "पण तेरा दिवस मी तुमच्या पायाशी बसून लिहीत होते, बाबा. तुम्ही मला लिहू दिलं."

ती हॉलच्या मागच्या दारानं गेली. मी घरी पोचेपर्यंत तिची बॅग भरून झाली होती. स्टँडवर सोडायला येतो म्हणालो, तर नको म्हणाली.

योजना राहिली. हात वर करायला सांगितले तेव्हा गुल्हानेंनी पहिला हात वर केला. डॉक्टर मॅडमनी दुसऱ्याच आठवड्यात हॉलच्या एका कोपऱ्यात पडद्याआड सहा खाटा टाकल्या, दोन नर्स ठेवल्या. अंथरुणावरच्या माणसाचा कपडा तिथं कोणाला न दिसता बदलता येतो. मी मागितला असता तर तो पडदा एप्रिलमध्येही मिळाला असता. मी मागितलाच नव्हता, नुसतं गोकर्णाला मागतो म्हणालो होतो.

गल्लीनं मला वाळीत टाकलं नाही. उलट जास्तच जपतात, आणि तेच सोसत नाही. दुकान चालू आहे. कोरड्या दिवसांना अजून कूलर लागतोच, पण आता मी खिडकीत बंद न होणारी जाळी बसवल्याशिवाय कूलर देत नाही. गिऱ्हाईक कुरकुर करतं, मी ऐकत नाही.

यंदा जूनमध्ये सात ओले दिवस आले. ज्या दिवशी आमच्याकडं ओला दिवस, त्या दिवशी बहुतेक नागपूरलाही असतो. कल्याणीकडं मी लग्नात दिलेला कूलर आहे, आणि सासूबाई ऐंशीच्या. वर्षभरात तिनं माझा एक फोन उचलला नाही. तरी प्रत्येक ओल्या दिवशी सकाळी मी तिला लिहिलं, "आज तुमच्याकडे ओला दिवस आहे. कूलर बंद ठेव. खिडकी उघडी ठेव. सासूबाईंना थंडघरात ने." सहा वेळा तिनं वाचलं. ते फोनवर दिसतं. उत्तर आलं नाही.

सातव्या दिवशी दुपारी मी हॉलच्या पायरीवर बसलो होतो. प्रभागात या सात दिवसांत कोणी गेलं नव्हतं. आत गुल्हानेंची आई कोणाला तरी शिव्या देत होती. फोन वाजला. कल्याणीचं उत्तर होतं.

"बंद आहे."

पुढं नाही, मागं नाही, बाबा नाही. दोनच शब्द. मी ते कितीतरी वेळ वाचत बसलो आणि मग तिथंच, लोकांच्या येण्या-जाण्याच्या वाटेत, मला रडू आलं. गोकर्णा रडत होती तेव्हा तिला हेच दोन शब्द सांगायला हवे होते मी. ती आणखी रडली असती, माझ्याशी चार दिवस बोलली नसती, आणि आज घरी असती.